वस्ताद देवकाते आणि त्यांचे चोर

अंगात खाकी वर्दी, पायात चकचकीत बूट आणि गळ्यात कुत्र्याचा पट्टा, अशा थाटात मी नीरा डाव्या कालव्याच्या कडेने पहिल्यांदा चाललो, तेव्हा कालव्यावर धुणं धूत असलेल्या बायकांनी धुणं थांबवलं. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "काय गुना केलाय रं ह्यानं?" पट्ट्याचं दुसरं टोक हातात धरून माझ्या शेजारून चालणारे देवकाते वस्ताद शांतपणे म्हणाले, "अजून कायबी न्हाय, आजी. नवा हाय."

त्याच्या तासभर आधी मी पोलीस गाडीतून माझ्या कुत्र्याला, टायगरला घेऊन उतरलो होतो. कडक सॅल्यूट ठोकला होता. वस्तादांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते टायगरसमोर उकिडवे बसले, नजर भलतीकडेच ठेवून त्याला हाताची मागची बाजू हुंगू दिली, कानामागे खाजवलं आणि म्हणाले, "ह्याचं काय न्हाय. ह्याला बांध सावलीला आन् पानी दाव. पट्टा तू घाल." मला वाटलं, म्हातारा गमत्या आहे. म्हातारा अजिबात गमत्या नव्हता. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक नवा हँडलर पहिला आठवडा कुत्रं असायचा, मग तो शिपाई असो की फौजदार. माझ्याआधी आलेल्या एका फौजदारांनी "मी पदवीधर आहे" असं सांगून बघितलं होतं. वस्ताद म्हणाले होते, "असू द्या की. आमी पदवी बगून पट्टा लहान-मोठा करत न्हाय."

पहिल्या दिवशी मला एवढंच कळलं की मान दुखते. वस्ताद थांबले की मी दोन पावलं पुढे जायचो आणि गळ्याला हिसका बसायचा. दुसऱ्या दिवशी ते थांबायच्या आधीच मला पट्ट्यातून कळायला लागलं. तिसऱ्या दिवशी वाटेत त्यांचा एका दूधवाल्याशी खटका उडाला. वस्ताद तोंडाने अवाक्षर बोलले नाहीत, हसून पुढे निघाले, पण त्यांचा सगळा राग मला मानेला जाणवत होता. मी तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा पट्टा सोडला. "कळलं? तुज्या मनात काय हाय, ते पट्ट्यातनं खाली उतरतंय. कुत्र्याला तुजं त्वांड बगायची गरज न्हाय." माझा आठवडा त्यांनी तीन दिवसांत संपवला म्हणून मी हुरळून गेलो होतो. नंतर कळलं की मी हुशार म्हणून नव्हे, तर मला कुत्रं म्हणून भूक फार लागते म्हणून सोडलं होतं.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या कडेला एक बंद पडलेलं गोदाम होतं, त्यात आमचं शिबिर असायचं. सहा कुत्री, सहा हँडलर आणि एक वस्ताद. चोराच्या चपलेचा वास घेऊन माग काढणारी कुत्री सगळ्यांना ठाऊक असतात. आमची तसली नव्हती. कुणी हत्यारबंद माणूस घरात किंवा उसात दबा धरून बसला, तर आधी आत जायचं ते कुत्र्याने, त्याच्यामागे हँडलर आणि त्याच्यामागे बंदूकवाले. वस्तादांनी अशा कामांवर आपली अर्धी नोकरी घालवली होती आणि उरलेली अर्धी ती शिकवण्यात चालली होती. जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसं त्यांच्याकडे कुत्री घेऊन यायची आणि तीन महिन्यांनी कुत्र्यासारखी शहाणी होऊन परत जायची.

माणूस दिसायला बुटका, पाय किंचित फेंगडे, मिशा पांढऱ्याशुभ्र. दोन्ही हात कोपरापर्यंत दातांच्या खुणांनी भरलेले. घरात पाहुणा आला की लोक लग्नाचे फोटो दाखवतात, वस्ताद बाह्या वर करायचे. "ही सांगलीची चंपा. हुशार, पर रागीट. हे दोन दात सातारच्या ब्रुनोचं. त्याची चूक न्हवती, माजीच व्हती. आन् ही बारकी खून हाय न्हवं, ती एका फौजदाराची. त्यो कुत्रं झाला व्हता, जरा जास्तच झाला." डाव्या खांद्यावर मात्र एक लांब, जाड वण होता. तो कुणाचा म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "ते कुत्र्याचं न्हाय. ते माज्या शाणपणाचं," आणि बाही खाली केली.

ते मूळचे लोणी भापकरचे. आजोबांची मेंढरं होती. वडिलांनी मेंढरं विकून विहीर पाडली, भाऊ शेतीत राहिले आणि हे पोलिसात आले. "आमच्यात मेंढरामागं कुत्रं असतंय. पोलिसात कुत्र्यामागं मेंढरं असत्यात," असं ते आमच्या रांगेकडे बघत म्हणायचे. इंग्रजी हुकुमांवर त्यांचा राग होता. मुख्यालयात कुत्र्यांना इंग्रजीत शिकवायचे. कुत्रं आल्या आल्या वस्ताद ते पुसून टाकायचे आणि पाचच शब्द शिकवायचे: बस, थांब, शोध, धर, सोड. "मला इंग्लिश येत न्हाय, कुत्र्यालाबी येत न्हाय. मग उगं मधी कशाला?" टायगर हे नावही त्यांना पटलं नव्हतं. "कुत्र्याला वाघ म्हणलं की कुत्रंबी लाजतंय आन् वाघबी." पण कागदावर टायगर होतं, आणि कागदाशी भांडण त्यांनी आयुष्यात कधी केलं नाही.

त्यांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, गोदामामागच्या दोन खोल्यांत राहायच्या. त्यांची वेगळीच तक्रार होती. "घरातबी ह्येंचं त्येच. पाव्हणं आलं की मला म्हनत्यात 'बस'. आन् बसले की डोस्क्यावर हात फिरवत्यात. पाव्हण्यांम्होरं!" वस्ताद हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण हुकुमत कुणाची होती हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. डॉक्टरांनी वस्तादांना गोड बंद केलं होतं. एकदा ते स्वयंपाकघरातून गुळाचा खडा उचलताना काकूंनी नुसतं "सोड" म्हटलं. वस्तादांच्या हातातून खडा तत्काळ खाली पडला.

आता टायगरचं सांगतो, कारण माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं. टायगर अल्सेशियन होता, अंगाने वासराएवढा आणि स्वभावाने वासराहून गरीब. मुख्यालयातल्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. पहिल्यांदा त्याने चोर झालेल्या शिपायाला गाठलं आणि त्याचं तोंड चाटलं. दुसऱ्यांदा तो चोराला घेऊन झाडाच्या सावलीत जाऊन बसला. तिसऱ्यांदा नापास झाला, तर त्याचं नाव खात्यातून निघणार होतं आणि मी कुठल्यातरी कचेरीच्या दारावर पहारा देत उभा राहणार होतो. पहाऱ्याचं मला दुःख नव्हतं. पण दोन वर्षं तो कुत्रा माझ्या पायावर डोकं ठेवून झोपत होता. आमच्या सोमेश्वरनगरकडच्या घरी मी दिवाळीला गेलो, तर आई आधी त्याची चौकशी करायची, मग माझी. त्याच्यापासून तुटायचं, या कल्पनेने माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. उतरत नव्हता म्हणजे कमी उतरत होता.

वस्तादांनी सगळी हकिकत ऐकली आणि विचारलं, "तिकडं चोर कोन व्हायचं?"

"बनसोडे म्हणून एक शिपाई. नेहमी तोच."

"बिस्किटं द्यायचा?"

"हो. फार प्रेमळ माणूस."

"मंग कुत्र्याचं काय चुकलं? मानसानं वळखीच्या, प्रेमळ मानसाला चावायचं व्हय? चोर रोज नवा पायजे."

रोज नवा चोर आणायचा कुठून? बाकीचे पाच हँडलर पाच दिवसांत संपले. तेव्हा वस्तादांनी गावाकडे मोर्चा वळवला. जुन्या वाकळा, गोणपाट आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे शिवून त्यांनी एक कोट तयार केला होता. तो घातला की माणूस भरलेल्या पोत्यासारखा दिसायचा. पहिल्यांदा लोक बिचकले. मग काटेवाडीच्या एका शेतकऱ्याने पैजेवर कोट घातला, टायगर आपला त्याच्याभोवती शेपूट हलवत फिरला, आणि तो गडी गावभर सांगत सुटला की पोलिसाचं कुत्रं मला भ्यालं. तिथून जी रांग लागली ती लागली. न्हावी झाला, पिठाच्या गिरणीवाला झाला, शाळेतले निवृत्त मास्तर झाले. मास्तरांनी कोटावर आपली काळी टोपी तशीच ठेवली होती. एक तात्या तर रोज येऊन विचारायचे, "वस्ताद, आमाला कवा चोर करताय?" वस्ताद म्हणायचे, "तुमी पळाय पायजे की, तात्या." तात्या दुखावून म्हणायचे, "मी काय पळत न्हाय व्हय? म्हशीमागं पळतोय की रोज!"

या साऱ्यांत उजवा निघाला तो इंदापूरच्या गाडीवरचा एक कंडक्टर. सुट्टीच्या दिवशी सकाळी साताला हजर. वस्तादांनी त्याला खरं काम शिकवलं, आणि ते बघताना मला पहिल्यांदा कळलं की ही विद्या आहे. टायगरला दोराने बांधायचं. कंडक्टरने गोणपाटाचं फडकं त्याच्या नाकासमोर नाचवायचं, भ्यायल्यासारखं मागे सरायचं, पळून जायचं. टायगरने ओढ घ्यायची, पण फडकं मिळू द्यायचं नाही. असं आठ दिवस. "चोरानं हरायचं असतंय," वस्ताद सांगायचे. "पर लगीच न्हाय. कुत्र्याला वाटलं पायजे, आज न्हाय तर उद्या मी ह्याला धरनार. जिकायची आस लागली की मंग चावायचं शिकवाय लागत न्हाय." नवव्या दिवशी कंडक्टर पळाला, पळता पळता सवयीने मागे वळून "चला, फुडं जागा हाय!" असं ओरडला, आणि वस्तादांनी दोर सोडला. टायगर असा सुटला की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा कंडक्टर पालथा पडला होता, टायगर त्याच्या कोटाच्या बाहीला लटकत होता आणि काठावर उभे असलेले न्हावी, मास्तर, तात्या टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर बारामतीच्या बाजारातून टायगरला नेणं म्हणजे वरात झाली. दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवून बायकोला सांगायचं, "ह्यानं मला दोनदा धरलंय बरं का." टायगरही सगळ्यांना ओळख द्यायचा. त्याच्या मनात कुणाविषयी काही नव्हतं. कोट आणि पळणं हा एक खेळ होता, आणि खेळ संपला की मास्तर पुन्हा मास्तर.

टायगर सुधारला तशी माझी गाडी अडायला लागली. घरात शिरायच्या सरावात नियम एकच होता: कुत्र्याच्या पुढे जायचं नाही. गोदामातल्या अंधाऱ्या खोलीत चोर लपायचा, टायगर आत जायचा आणि मी दारातून त्याला हुकूम द्यायचा. पण आतून काही आदळल्याचा आवाज आला की माझे पाय आपोआप सुटायचे. वस्ताद ओरडायचे, "मागं!" मी मागे यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या हातात घेतलं. टायगर मोकळा आणि मी बांधलेला, अशी आमची जोडी गोदामात शिरायची. "तू म्होरं गेलास की त्यो तुज्याकडं बगतोय," वस्ताद सांगायचे. "चोराकडं बगायचं सोडून. मंग दोगंबी जाता." मी मान हलवायचो. मान हलवण्यात मी पहिल्या नंबरचा होतो.

परीक्षेच्या दिवशी पुण्याहून साहेब आले आणि चोर सोबतच घेऊन आले. तो शिपाई म्हणजे अंगापिंडाने पक्का पैलवान, हातात जाडजूड काठी. तो कोट घालून आमच्या गोदामात लपला. बाहेर सगळे माजी चोर ठेवणीतले कपडे घालून बघायला जमले होते. मास्तरांनी साहेबांना टोपी काढून नमस्कार केला आणि म्हणाले, "मीही इथे चोर होतो." साहेबांनी वस्तादांकडे बघितलं. वस्तादांनी मान डोलावली.

नियमाप्रमाणे माझ्या कमरेला दोर नव्हता. मी "शोध" म्हटलं, टायगर तीरासारखा आत गेला. "धर" म्हटलं, त्याने पैलवानाचा हात धरला तो असा की ज्याचं नाव ते. तिथेच सगळं मनासारखं संपलं असतं. पण पैलवानाने दुसऱ्या हाताने काठी वर उचलली, आणि मला पुढचं काही दिसेना. मी टायगरच्या पुढे उडी मारली, काठी पकडली, "मुक्या जनावराला मारतोस व्हय रे!" असं म्हणून पैलवानाच्या कमरेला विळखा घातला आणि तिघेही खाली पडलो. दारातून वस्तादांचा आवाज आला, "सोड!" टायगरने तत्काळ सोडलं आणि तो शहाण्यासारखा बाजूला बसला. वस्ताद पुन्हा म्हणाले, "सोड!" मग तिसऱ्यांदा, जवळ येऊन, माझ्या नावाने हाक मारून म्हणाले, "जगताप, सोड!" तेव्हा मी सोडलं.

साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "देवकाते, कुत्रा छान तयार झालाय. आणि हा पण धाडसी आहे. दोघांनाही पास करून टाका." वस्तादांनी वही घेतली, चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं: कुत्रा पास, हँडलर नापास. साहेबांनी समजावलं, सही करताना पुन्हा विचारलं. वस्ताद म्हणाले, "साहेब, तुमी हसला. आत खरा बंदूकवाला असता, तर हसला असता का?" साहेबांनी मग मुकाट्याने सही केली.

त्या दुपारी मी वस्तादांना नको नको ते बोललो. दगडाच्या काळजाचा आहात म्हणालो. ते "व्हय" म्हणाले आणि कुत्र्यांच्या भाकरी कुस्करत राहिले. मी दमून गप्प झालो, तेव्हा त्यांनी बाही वर केली आणि खांद्यावरचा तो वण दाखवला. "राणी नावाची कुत्री व्हती माजी. एका वाड्यात दोगं लपलं व्हतं. ती आत ग्येली, आरडाओरडा झाला. मला ऱ्हावलं न्हाय. तुज्यासारकाच म्होरं ग्येलो. कोयत्याचा पयला घाव मला बसला. ती मला बगाय वळली, आन् दुसरा तिला." भाकरी कुस्करून झाली होती, तरी ते कुस्करतच होते. "लई माया लावलीस तू. मायेचं मानूस घरात चांगलं, दारात न्हाय."

टायगरला नवा हँडलर मिळाला. कदम नावाचा, अबोल, कधीही घाई न करणारा तरुण. त्याचाही आठवडाभर पट्टा घालून कालव्याला फेरफटका झाला, आणि टायगरला त्याच्या ओळखीचा करायचं काम वस्तादांनी माझ्यावरच टाकलं. मी ते तोंड पाडून केलं. महिन्याच्या शेवटी वस्ताद म्हणाले, "आता एकच ऱ्हायलं. कदमच्या हुकमावर त्यानं तुला धराय पायजे. तवर त्यो कदमचा न्हाय, तुजाच हाय. उद्या चोर तू."

ती रात्र मी विचारात काढली, हे कशाला लपवू? टायगरने मला धरलं नाही, तर तो कदमचा होणार नव्हता. कदमचा झाला नाही, तर खात्यातून निघणार होता. आणि खात्यातून निघालेला कुत्रा मागेल त्याला मिळत होता. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं, त्याच्याकडे बघून हसायचं, आणि टायगर येऊन माझ्या पायाशी बसला असता. आमच्या गोठ्यातली त्याची जागासुद्धा मी मनात साफ करून ठेवली होती.

सकाळी काटेवाडीच्या एका तोडलेल्या उसाच्या रानात सगळे जमले. कंडक्टरने स्वतःच्या हाताने मला कोटाचे बंद बांधले आणि सूचना केल्या, "डावा हात म्होरं ठिवा, पडताना खांद्यावर पडा, आन् वरडायचं लाजू नका." तात्या त्यात सुधारणा करत होते. त्यांनी अजून एकदाही कोट घातला नव्हता. मी रानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. लांबवर कदम आणि त्याच्या डाव्या पायाशी टायगर. कदमने "धर" म्हटलं. टायगर सुटला, अर्ध्या वाटेत त्याला वास आला, आणि तो थांबला. त्याने कदमकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेपूट हलायला लागली होती.

वस्ताद बांधावर उभे होते. त्यांना सगळं कळत होतं, माझ्या मनातला गोठासुद्धा. पण त्या पाच हुकुमांतला एकही शब्द त्यांनी माझ्यासाठी वापरला नाही.

मी पळालो. जीव खाऊन, उसाच्या खुंटांना ठेचकाळत, हात वर करून, "वाचवा, वाचवा" असं ओरडत पळालो. वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर थांबलो असतो. मागून पंजांचा आवाज आला, पाठीवर धडक बसली आणि मी तोंडावर आपटलो. टायगरने माझा दंड धरला होता, कोटातून दात लागतील इतका घट्ट. शेपूट मात्र अजून हलत होती. कदमचा आवाज आला, "सोड." त्याने सोडलं आणि तो कदमकडे चालत गेला.

संध्याकाळी पोलीस गाडी आली. कदम मागे बसला, टायगर त्याच्या पायाशी. गाडी फाट्यावर वळेपर्यंत मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. टायगरने नाक वाऱ्याला लावलं होतं. त्याने एकदाही मागे बघितलं नाही.

"बगितलं न्हाय मागं," वस्ताद शेजारून म्हणाले.

"नाही."

"ब्येस शिकवलंस."

एवढ्या दिवसांत त्यांनी माझ्याविषयी काढलेला हा पहिला बरा शब्द. मी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या उसाच्या गाड्यांसमोर, लहान पोरासारखा रडलो. वस्तादांनी मला रडू दिलं. एक बैलगाडीवाला गाडी थांबवून काय झालं विचारायला लागला, त्याला हाताने पुढे जायची खूण केली. माझं रडणं आवरत आलं, तेव्हा त्यांनी खांद्यावरचा गोणपाटाचा कोट काढून माझ्या हातात दिला. "पळतोस झ्याक. तसं कुनी पळत न्हाय हितं," ते म्हणाले. "सकाळच्याला नगरची दोन कुत्री याय लागल्यात. चोर लागंल."

मी अर्ज केला, साहेबांनी मंजूर केला, आणि वस्ताद निवृत्त होईपर्यंत सात वर्षं मी त्यांचा चोर होतो.